आजीला किती भाषा येतात?

सुईदोरा | शनिवार, रात्री १०:०५

मागच्या महिन्यात आजीला स्मरणशक्तीच्या तपासणीला घेऊन गेले होते. आजी ८३ वर्षांची, जन्मापासून सोलापूरची. अलीकडे गॅसवर दूध ठेवून विसरते आणि पंधरा मिनिटांत तीनदा विचारते, "आज शनिवार का गं?" तिथे आधी एक फॉर्म भरायचा होता. वय, शिक्षण (चौथी), व्यवसाय (मी 'गृहिणी' लिहून मोकळी झाले, खरं तर तिने चाळीस वर्षं मशीनवर परकर शिवून विकलेत), आणि मग 'येणाऱ्या भाषा'. आजीला विचारलं. म्हणाली, "एकच की. मराठी. मला कुठं इंग्रजी येतंय." मी लिहिलं, मराठी.

नंबर यायला दीड तास होता. शेजारच्या खुर्चीवर साधारण आजीच्याच वयाची एक बाई बसली होती. आजीने तिच्या डब्याकडे बघितलं आणि विचारलं, "तिन्नावा?" जेवलीस का! मग दोघी जे सुरू झाल्या ते थेट आत बोलावणं येईपर्यंत. तेलगूत. ती बाई सांगत होती, रात्री निद्र वस्तलेदु, झोप लागत नाही, आणि आजी तिला तळपायाला तेल चोळायला सांगत होती. निदान मला तरी तेवढं कळलं. सकाळी काय खाल्लं ते न आठवणारी आमची आजी तेलगूत कुठेही अडत नव्हती.

ज्यांना सोलापूर माहीत नाही त्यांच्यासाठी: शहराचा पूर्व भाग हा मुख्यतः पद्मशाली विणकरांचा. तेलंगणातून पिढ्यान्‌पिढ्या आधी आलेले. चादरी, टॉवेल, यंत्रमाग हे पुरुषांकडे. बायका घरी बसून विड्या वळणार. आजीचं सासर त्याच गल्लीत, चार घरं मराठी आणि बाकी सगळी तेलगू. परकर घेणाऱ्या तिच्या गिऱ्हाइकांतल्या निम्म्याहून जास्त विडी वळणाऱ्या. वर अक्कलकोटकडून भाजी घेऊन येणारी कन्नड बोलणारी, आणि शिवण्याचा दोरा, अस्तर, लेस ज्यांच्याकडून यायचं ते चाचा घरात दखनी (आपल्याकडची उर्दू) बोलणारे. त्या सगळ्यांशी आजी ज्याच्या त्याच्या भाषेत भाव करते, हे मी लहानपणापासून बघत आलेय. तरी फॉर्मवर एकच भाषा लिहिली. मीच लिहिली.

आता दुसरा फॉर्म. मुलगी सात वर्षांची. शाळा बदलताना तिच्यासाठीही 'येणाऱ्या भाषा' असा रकाना होता. मी झोकात लिहिलं: इंग्रजी, हिंदी, मराठी. तिला मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. हिंदी कार्टूनपुरती. आजी तिला म्हणाली, "बाळ, तांब्यात पाणी आण," तर ती माझ्याकडे बघून, "व्हॉट इज तांब्या?" (नंतर आणलं पाणी, पण बाटलीत.)

आजीला एक, मुलीला तीन. घरी येऊन दोन्ही फॉर्म डोळ्यांसमोर आले आणि लाज वाटली. तेव्हा विचारायचं असं की तुमच्या मते एकभाषिक कोणाला म्हणायचं आणि द्विभाषिक कोणाला? दोन भाषा येण्याने माणसात खरंच काही फरक पडतो का? तुमच्या घरातलं सांगा. पुस्तकी व्याख्या नको असं नाही, पण सोबत माणसं हवीत.


एक_वाचक | शनिवार, रात्री १०:२२

आमच्या घरात बाबा एकभाषिक आहेत. आई रागावली की तीन भाषा.


मिरजमळा | शनिवार, रात्री ११:१०

ताई, तुमच्या आजीची गल्ली वाचून कुपवाड आठवलं. आमचं मूळ गाव तिथनं हाकेच्या अंतरावर. आज ते सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत गेलंय, एमआयडीसी झाली, पण भाषाविज्ञान शिकणाऱ्या जगभरच्या पोरांना कुपवाड ठाऊक असतंय आणि सांगलीच्या पोरांना नसतंय, ही गंमत बघा.

जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन भाषा-अभ्यासकांनी १९७१ साली या गावावर लेख लिहिला. तेव्हा साधारण तीन हजार वस्तीचं गाव. जैन शेतकरी घरात कन्नड बोलणार, मुसलमान उर्दू, मराठी बोलणारे मराठी, आणि दोर वळणारी काही घरं तेलगू. शेकडो वर्षं हे असंच. बाहेर पडला की गडी दोन-तीन भाषा बोलणारच. पण मुद्दा पुढंच आहे. रोज या भाषेतनं त्या भाषेत उड्या मारून मारून सगळ्या भाषांचं व्याकरण एकाच साच्यात बसलं. शब्द वेगळे, पण वाक्याची चौकट एक. त्या लेखातलं वाक्य बघा. मराठी: पाला जरा कापून घेऊन आलो. तिथली उर्दू: पाला जरा काट के ले के आया. कन्नडही शब्दाला शब्द ठेवून तशीच. लखनौच्या माणसाला ती उर्दू ऐकून घाम फुटेल.

मग सगळ्यांनी एकच भाषा का नाही केली? व्याकरण एक झालंय, शब्दही एक करून टाकायचे की. तर नाही. घरची बोली ही घरची. ती सोडली तर तुम्ही कोण हे कसं कळणार? आणि चावडीवर, बाजारात, परक्याशी बोलायचं तर मराठी, कारण ती बहुतेकांच्या घरची नव्हती, म्हणून कुणाचा पाणउतारा नाही. (जन्मानं मराठी असलेले तिथं बहुसंख्य नव्हते, हे ऐकून आमच्या एका काकांना वाईट वाटलं होतं.)

आणि हे सगळे लोक 'भाषा किती येतात' विचारलं तर तुमच्या आजीसारखंच सांगणार. एक. बाकीचं काय, ते सगळ्यांनाच येतं, त्यात सांगायचं काय!


सुईदोरा | शनिवार, रात्री ११:३४

@मिरजमळा, "सगळ्यांनाच येतं, त्यात सांगायचं काय" हे अगदी आजीचंच वाक्य. मी घरी आल्यावर तिला म्हटलं, तुला तेलगू येतं की! तर म्हणे, "ते तेलगू नव्हं गं, ते शेजारचं बोलणं."


शंकेखोर | रविवार, सकाळी ८:४०

धागा चांगला आहे, म्हणून लवकर येऊन थोडं पाणी ओततो. कारण आता कोणीतरी येऊन म्हणणार की दोन भाषा येणाऱ्यांचा मेंदू तल्लख असतो आणि त्यांना विस्मरण होत नाही.

या विषयातल्या संशोधनाचा झोका आधी एका टोकाला होता. १९२३ च्या सुमारास वेल्समध्ये सेअर नावाच्या गृहस्थांनी मुलांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या आणि खेड्यातली दोन भाषा बोलणारी मुलं मागे पडतात असं सांगितलं. घरची परिस्थिती, कोणत्या भाषेत चाचणी घेतली, याचा हिशेब कच्चा होता. पण 'दोन भाषांनी मूल गोंधळतं' ही समजूत तिथून घट्ट झाली आणि अजून शाळांच्या पालकसभेत जिवंत आहे. १९६२ साली माँट्रियलमध्ये पील आणि लँबर्ट यांनी दहा वर्षांच्या मुलांवर अभ्यास केला, तर निकाल बरोबर उलटा: द्विभाषिक मुलं पुढे. पण त्यांनी दोन्ही भाषा सारख्याच चांगल्या येणारी मुलंच निवडली होती. अशी मुलं मुळातच हुशार असणार, हा आक्षेप राहिलाच.

मग स्मृतिभ्रंश. टोरांटोच्या एलन बियालिस्टॉक आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये १८४ रुग्णांच्या नोंदी बघितल्या. द्विभाषिकांमध्ये लक्षणं सुमारे चार वर्षं उशिरा दिसली. लगेच आक्षेप आला: तिथले द्विभाषिक बरेचसे स्थलांतरित, मायदेश सोडून जाणारी माणसं आधीच धडधाकट असतात. म्हणून हैदराबादचा अभ्यास महत्त्वाचा. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांचा, २०१३ चा. ६४८ रुग्ण, त्यांतले ३९१ द्विभाषिक. तिथे कोणी परदेशातून आलेलं नाही, शेजारणीच त्या. फरक साडेचार वर्षांचा. आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्यांमध्येही फरक दिसला, म्हणजे हे केवळ शिक्षणाचं फळ नव्हे.

इथवर छान. पण हे सगळे दवाखान्यात आलेले लोक. लक्षणं कधी सुरू झाली हे घरच्यांच्या आठवणीवर. उलट धडधाकट म्हाताऱ्या माणसांच्या मागे वर्षानुवर्षं राहून केलेले अभ्यास एकत्र तपासले, तर द्विभाषिकांना आजार कमी होतो असं काही निघत नाही. सर्वसाधारण प्रौढांचं म्हणाल तर २०२० मध्ये अकरा हजारांवर लोकांना ऑनलाइन चाचण्या देऊन पाहिलं. लक्ष, तर्क, स्मरण कशातही द्विभाषिकांची सरसकट सरशी नाही. आणि पॅप व ग्रीनबर्ग या संशोधकांनी २०१३ मध्येच द्विभाषिकतेचा हा फायदा सुसंगतपणे दिसत नाही असं लिहिलं होतं.

माझं मत: भाषा बोलायला माणसं हवीत म्हणून शिका. मेंदूचा व्यायाम म्हणून शिकायची असेल तर त्यापेक्षा रोज चालायला जा.


सुईदोरा | रविवार, सकाळी ९:१५

@शंकेखोर, इतकं नीट लिहिल्याबद्दल आभार. एकच शंका. अशा अभ्यासात रुग्णाला किती भाषा येतात हे कोण सांगतं?


शंकेखोर | रविवार, सकाळी ९:२१

बहुधा घरचे. सोबत आलेला मुलगा, सून वगैरे.


सुईदोरा | रविवार, सकाळी ९:२४

किंवा नात.


शंकेखोर | रविवार, सकाळी ९:३०

...मान्य. हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.


तापीकाठ | रविवार, सकाळी ११:०२

माझा प्रश्न अजून खालचा आहे. मी एकभाषिक आहे की द्विभाषिक, हे मला ठरवून द्या.

घरी आम्ही अहिराणी बोलतो. 'काय करी रायना?' म्हणजे काय करतोयस. पहिलीत मास्तरांनी विचारलं "कुठे जातोस?" तर मी म्हटलं "कथा बी नई" आणि वर्ग हसला. तेव्हापासून शाळेत प्रमाण मराठी, घरी अहिराणी, आणि दोन्हींत एक दार. जळगाव सोडून पुण्यात आलो तेव्हा ते दार कायमचं लावलं. आता आई फोनवर अहिराणीत बोलते, मी मराठीत. बायको नगरची, तिला वाटतं आईच 'अशुद्ध' बोलते.

जनगणनेत खानदेशी (अहिराणी त्यातच येते) ही मराठीहून वेगळी भाषा म्हणून मोजली आहे. म्हणजे सरकारी हिशेबाने मी द्विभाषिक. पुण्यातल्या मित्रांच्या हिशेबाने मी मराठी बोलणारा आणि माझी आई गावंढळ मराठी बोलणारी, म्हणजे दोघंही एकभाषिक. मालवणीचं अजून वेगळं, ती कोकणीत धरलीय. आता बोला.


मिरजमळा | रविवार, सकाळी ११:१९

@तापीकाठ, भावा, आईशी अहिराणीत बोल आजच. बाकीचं जनगणनावाले बघतील.


तिफण | रविवार, दुपारी १:४८

मी जरा उलटं लिहितो. सगळ्यांनी चालवून घ्यावं.

माझे आजोबा पक्के एकभाषिक. अंबडकडचं खेडं. मराठीशिवाय एक अक्षर नाही. (निजामाच्या राज्यात जन्मले, जमिनीचे कागद उर्दूत, पण ते वाचून दाखवायला गावात एक मुन्शी होता. आजोबा अंगठा लावायचे.) पण त्या एका भाषेत काय काय होतं! जमीन म्हणजे नुसती जमीन नाही: भरड, मुरमाड, चोपण, काळी कसदार. तिफणीचा प्रत्येक भाग वेगळा, चाडं, नळ्या, फण, जू, शिवळ. औताचं रुमणं. बैल आला की आधी रंग: कोसा, बांडा, मोरा, पांढरा खिल्लार. आभाळाकडे बघून सांगायचे तेही एका शब्दात.

माझ्या मुलाला इंग्रजी, हिंदी, मराठी आणि थोडी जर्मन येते. चारही भाषांत त्याला शिवळ म्हणजे काय माहीत नाही. त्याची चूक नाही, बैलच नाहीत. पण मग 'एक भाषा येणं' म्हणजे दारिद्र्य आणि 'चार येणं' म्हणजे श्रीमंती हा हिशेब मला पटत नाही. त्याला चार भाषांत हॉटेलात जेवण मागवता येतं. आजोबांना एका भाषेत आयुष्य काढता येत होतं.

आणि घरातल्या घरात पाहिलेलं आणखी एक. शब्द जिभेवर येऊन अडकणं हे मुलाचं रोजचंच. "ते... काय म्हणतात त्याला... स्ट्रेनर!" अहो, गाळणी.


बर्फाळ | रविवार, रात्री ९:५६ (आमची सकाळ)

@तिफण, गाळणीवर हसले, कारण आमच्या घरात तेच. पण ते विसरणं नव्हे हो. दोन भाषा येणाऱ्यांच्या डोक्यात दोन्ही शब्द एकदम उठतात आणि एकमेकांना धक्के मारतात, म्हणून वेळ लागतो. आणि एकेका भाषेतला शब्दसंग्रह मोजला तर तो एकभाषिकापेक्षा थोडा कमी भरतो, हेही खरं. पण द्विभाषिकतेचे अभ्यासक फ्रांस्वा ग्रोजाँ यांनी १९८९ मध्ये म्हटलं ते मला फार पटतं: द्विभाषिक म्हणजे एका अंगात कोंबलेली दोन एकभाषिक माणसं नव्हेत. माझ्या मुलाचं गणित इंग्रजीत, भांडण मराठीत. जिथे जी भाषा वापरली तिथे ती वाढली. मग दोन्ही भाषांत सगळ्या विषयांची परीक्षा घेऊन नापास करण्यात काय अर्थ?

आमची गोष्ट. मिनेसोटात राहतो. मुलगा अडीच वर्षांचा होईपर्यंत दोन शब्द जोडत नव्हता. तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं, "घरी एकच भाषा ठेवा, इंग्रजी." मी सहा महिने माझ्याच मुलाशी इंग्रजीत बोलले. बाळाला मांडीवर घेऊन परक्या भाषेत लाडीगोडी करणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. 'सोन्या'ला पर्याय नाही. 'शहाणं ते माझं बाळ'ला नाही. मी गप्पच बसायला लागले. म्हणजे त्याच्या कानावर पडणारी भाषा वाढण्याऐवजी निम्मी झाली! नंतर दुसऱ्या तज्ज्ञ भेटल्या. त्या म्हणाल्या, दोन भाषांमुळे बोलणं अडतं असा पुरावा नाही. अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते, भाषा काढून घेतल्याने ती जात नाही. मग परत मराठी. आता नऊ वर्षांचा आहे, तोंड बंद होत नाही.

'आईची एक भाषा, बाबांची दुसरी' ही पद्धत काही आपल्या आयटीवाल्यांनी काढलेली नाही. फ्रान्समध्ये झ्यूल रोंजा यांनी ग्रामों नावाच्या भाषातज्ज्ञाच्या सल्ल्याने मुलगा लुई याच्यावर ती केली. ते फ्रेंच, बायको जर्मन. १९१३ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. दुसरे वेर्नर लिओपोल्ड, अमेरिकेत प्राध्यापक, घरी मुलगी हिल्डेगार्डशी जर्मनच बोलायचे. तिने काही काळ इंग्रजीतच उत्तरं दिली. पाच वर्षांची असताना जर्मनीत काही महिने राहिली आणि जर्मन धो धो वाहायला लागलं.

@सुईदोरा, म्हणून तुमच्या मुलीबद्दल काळजी वाटत नाही. समजतंय ना? तांब्या आजीच्या हातात आहे ना? एक सुट्टी सोलापूरला सोडा.


शंकेखोर | रविवार, रात्री १०:२०

@बर्फाळ +१. पण हिल्डेगार्ड एकटी होती आणि तिचे बाबा भाषातज्ज्ञ होते, हे ध्यानात ठेवू या. :)


धागाराखण (संपादक) | सोमवार, सकाळी ७:०५

पहिलीपासून हिंदी, त्रिभाषा सूत्र आणि २०२५ चे शासन निर्णय यांवरचे अकरा प्रतिसाद दुसऱ्या धाग्यावर हलवले आहेत. तिथे भांडा. इथे आजी आहे.


चिखलदरा_१९ | सोमवार, सकाळी ८:३२

संपादक बरोबर बोलले बाप्पा.

मी मेळघाटात शिक्षक होतो, आता निवृत्त. वर्गात सगळी कोरकू पोरं. पहिलीच्या पोराला पुस्तक मराठीतलं, मास्तर वऱ्हाडी, आणि घरची कोरकू. ती मुंडा भाषाकुळातली, मराठीशी तिचं नातंच नाही. पोरगं सहा महिने गप्प बसते आणि अहवालात मास्तर लिहितो 'मंद'. मीही पहिल्या वर्षी लिहिलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या वर्षी दहा-बारा कोरकू शब्द शिकलो आणि तेच 'मंद' पोरगं माझ्या उच्चारावर हसून लोटपोट. म्हणजे मंद मीच होतो.

आता याच्याही पलीकडची गोष्ट. बुलढाण्याकडे, जळगाव जामोदच्या बाजूला निहाली बोलणारे लोक आहेत. जेमतेम २,०००-२,५००. ही भाषा कोणत्याच कुळात बसत नाही, एकटी आहे. आणि निहाली बोलणाऱ्याला कोरकू येतेच, शिवाय बाजारापुरती मराठी-हिंदी. निहालीत एकभाषिक माणूस तुम्हाले सापडणारच नाही. एकभाषिक राहणं ही चैन आहे. ज्याची भाषा दुकानात, कचेरीत, पोलीस ठाण्यात चालते त्यालेच ती परवडते. @तिफण साहेब, तुमच्या आजोबांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, त्यांच्या उर्दू कागदाले मुन्शी होता. निहालीवाल्याले मुन्शी नाही, त्यालेच शिकावं लागते.


तिफण | सोमवार, दुपारी २:१०

सर, मुन्शीचं पटलं. खरं सांगायचं तर त्या मुन्शीमुळेच आमची दोन एकर गेली, कागदावर काय लिहिलंय ते आजोबांना कळलं नाही. घरात ही गोष्ट कोणी सांगत नाही. मी काल मुद्दामच गाळली होती.

पण चाडं आणि शिवळ मी सोडणार नाही.


चिखलदरा_१९ | सोमवार, दुपारी २:२५

सोडूही नका. यादी करून इथे टाका.


मुसी_काठ | सोमवार, संध्याकाळी ७:१५

उशिरा आले. आम्ही हैदराबादचे मराठी, चार पिढ्या. घरी मराठी, गल्लीत तेलगू, बाजारात दखनी, कचेरीत आधी उर्दू मग इंग्रजी. त्यामुळे आमच्याकडे वाक्यात कोणती भाषा कुठे संपली ते कोणी बघत नाही.

जनगणनेचा विषय निघालाय म्हणून. तिथे मातृभाषा आणि शिवाय येणाऱ्या जास्तीत जास्त दोन भाषा एवढंच विचारतात. २०११ ला देशात साधारण २६ टक्के लोकांनी किमान दोन भाषा येतात असं सांगितलं आणि त्यांतच तीन सांगणारे ७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चौघांतले तिघे एकभाषिक! ज्या देशात भाजीवालीसुद्धा गिऱ्हाईक बघून भाषा बदलते, तिथे. काही खेडी खरंच एकभाषिक असतील, नाही असं नाही. पण त्या तिघांमध्ये 'एकच की' म्हणणाऱ्या आज्या किती, ते कोण मोजणार?

आणि घरातल्या घरात भाषा कशा वाटल्या जातात पाहा. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीतले एवढे मोठे कवी, आणि त्यांचे सख्खे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले. एकाच आईची मुलं. द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी आणि १९७३ चं ज्ञानपीठ कन्नडसाठी.

@सुईदोरा, आजी अजून कोणते तेलगू शब्द वापरतात? सोलापूरचं तेलगू ऐकायला मला फार आवडतं, आमच्यापेक्षा वेगळं लागतं.


एक_वाचक | सोमवार, संध्याकाळी ७:४०

बेंद्रे मराठी होते हे मला आज कळलं. माझं वय विचारू नका.


सुईदोरा | मंगळवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. एक-एक प्रतिसाद आजीला वाचून दाखवला. कुपवाडवर म्हणाली, "मग काय वेगळं!" तिफणींच्या आजोबांची दोन एकर ऐकून हळहळली, आणि थोड्या वेळाने परत विचारलं, "कुणाची गेली गं जमीन?"

आज तपासणीची दुसरी फेरी होती. मी तिथल्या मुलीला म्हटलं, मागच्या वेळी भाषांचा रकाना चुकलाय, दुरुस्त करायचाय. तिने फॉर्म काढला. मी सांगितलं: मराठी, तेलगू, दखनी, आणि कन्नड भाजीपुरतं. तिने विचारलं, "तेलगू लिहिता-वाचता येतं का?" म्हटलं नाही. "मग नाही धरत," म्हणाली आणि फॉर्म परत ठेवून दिला. मी जरा वाद घातला. मागे रांग होती. शेवटी तिने मराठीपुढे कंसात 'बोलणे – तेलगू' असं पेन्सिलीने लिहिलं. पेन्सिलीने का, विचारलं नाही.

@मुसी_काठ, शब्द विचारलेत म्हणून आजीला बोलतं केलं. शेजारणींशी 'वद्दु' (नको), 'एंत' (किती), पोरांना 'रा रा' (ये ये), हे नेहमीचे. ते मला ठाऊक होते. बाकी तेलगू शब्द म्हणून तिला एकही आठवेना, म्हणाली "बोलायला लागल्यावर येतंय, असं कसं सांगू."

एक गंमत मात्र सांगते, याचा भाषेशी संबंध नाही. आमच्या घरात तान्ह्या बाळाला झोपवताना 'पडको पडको' म्हणतात. आजी म्हणायची, आई म्हणते, मीही मुलीला म्हटलं. दुसऱ्या कुठल्याच मराठी घरात ऐकलं नाही. आम्ही धरून चाललो की 'पड' वरून आजीने केलेला लाडाचा शब्द असेल. परवा भाचीचं बाळ बघायला गेलो तर माझी मुलगी, जिला तांब्या माहीत नव्हता ती, पाळण्याला हलके झोके देत एकटीच म्हणत होती, "पडको, पडको."


मुसी_काठ | मंगळवार, रात्री १०:४१

अहो ताई. पडुको. तेलगूत 'झोप, आडवा हो' असं बाळाला म्हणतात ते. आमच्या गल्लीत रोज रात्री ऐकू येतं.


सुईदोरा | मंगळवार, रात्री १०:४३

थांबा. आजी जागी आहे का बघते.